चौथ्या विभागातला दिवा

एवाल्ड क्रेचमारला माणसे बुटांवरून ओळखता येत, कारण गेली बावीस वर्षे मंडळातल्या बहुतेक माणसांना त्याने टेबलाखालूनच पाहिले होते. लाउटरग्रुंड मॉडेल रेल्वे मंडळाची मांडणी चौदा मीटर लांब होती. वरच्या अंगाला डोंगर होते, बोगदे होते, आणि स्थानकाच्या फलाटावर नखाएवढी माणसे वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहत उभी होती. ते सगळे इतरांचे काम. खालचे अंग एवाल्डचे. तिथे तांबड्या आणि काळ्या तारांच्या जोड्या त्याने टेबलाच्या कडेला समांतर, ओळंब्याला लावल्यासारख्या सरळ नेल्या होत्या. दर आठ सेंटिमीटरवर मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ, आणि प्रत्येक गाठीचे तोंड एकाच बाजूला. हे कोणाला दिसत नसे. दिसत नाही म्हणून काम ढिले सोडावे, हे त्याच्या स्वभावातच नव्हते.

मांडणी ज्या दालनात होती ते पूर्वी मोज्यांच्या कारखान्याचे शिवणदालन होते. त्याच कारखान्यात एवाल्ड सतराव्या वर्षी वीजकामगार म्हणून लागला, आणि पूर्व आणि पश्चिम मिळून देश एक झाल्यावर कारखाना बंद पडला त्या दिवशी मुख्य स्विच खाली ओढण्याचे कामही त्याच्याच वाट्याला आले. पुढे निवृत्तीपर्यंत तो शाळेची इमारत सांभाळत होता; पण आपण कोण, असे त्याला कोणी विचारले असते तर त्याने ‘वीजकामगार’ असेच उत्तर दिले असते. आता तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. मंडळाचा विद्युतप्रमुख म्हणून दर दोन वर्षांनी, जानेवारीच्या वार्षिक सभेत, तो बिनविरोध निवडून येई. अध्यक्ष गिस्बर्ट उलिग नाव पुकारी, हात वर होत, आणि पुढचा विषय सुरू होई. इतक्या सहज मिळणारी गोष्ट कोणी काढून घेऊ शकेल, असे एवाल्डच्या मनातही कधी आले नव्हते.

हा मान त्याला दिव्यांनी मिळवून दिला होता. मंडळाने गाड्या डिजिटल केल्या तेव्हा प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची, नखावर मावेल एवढी चकती बसली. रुळांतून येणाऱ्या आज्ञा ती ऐकते आणि इंजिनाला चालवते. चकती मोठी नाजूक. एखादे चाक रुळावरून घसरून भलत्या रुळाला टेकले की शॉर्ट होई, पाच अँपियरचा प्रवाह मोकाट सुटे, आणि चौदा मीटरची सगळी वाहतूक जागच्या जागी थिजे. एवाल्डने मांडणीचे चार विभाग केले आणि भंगारात गेलेल्या मोटारींचे ब्रेकचे दिवे आणून प्रत्येक विभागाच्या तोंडाशी एकेक बसवला. एरवी दिवा विझलेला असे. शॉर्ट झाला की तो भसकन पेटे, मोकाट प्रवाहातला बराचसा स्वतःच गिळे, आणि बाकीचे तीन विभाग निर्धास्त चालू राहत. “दिवा लागला!” अशी हाक उठे, कोणीतरी घसरलेली गाडी उचलून ठेवी, दिवा विझे.

प्रदर्शने दर वर्षी नाताळाआधीच्या अ‍ॅडव्हेंटच्या रविवारी भरत. त्याआधीच्या शनिवारी नाण्याची चाचणी होई. जुन्या राजवटीतले वीस फेनिगचे पितळी नाणे एवाल्ड एकेका विभागात रुळांवर आडवे ठेवी आणि दिवा पेटल्याची खात्री करून “ठीक” म्हणे. त्या शब्दाशिवाय प्रदर्शनाचे दार उघडत नसे.

मग राइनहोल्ड ओलर्स आला. तो पश्चिमेकडचा, राइन नदीच्या काठचा, निवृत्त अभियंता. लेक या गावात डॉक्टर झाली म्हणून बायकोच्या मृत्यूनंतर तिच्यापाशी राहायला आलेला. माणूस हसरा, बोलका, आणि ज्याच्याशी बोलेल त्याच्या कोपराला हात लावून बोलणारा. इथल्या एर्त्सगेबिर्गच्या डोंगरात कोणी कोणाच्या कोपराला हात लावत नाही. आश्चर्य असे, की महिन्याभरात सगळ्यांना ते आवडू लागले.

मंडळाची एक रीत होती. नव्या सभासदाने दुसऱ्या बैठकीला सर्वांना बिअर द्यायची आणि तिथून पुढे सगळ्यांनी एकमेकांना ‘तू’ म्हणायचे. ओलर्सच्या बिअरच्या दिवशी एवाल्डची दाढ दुखत होती. निदान घरी त्याने तसे सांगितले. त्यामुळे वर्ष उलटले तरी तो ओलर्सला ‘तुम्ही’ म्हणत असे. ओलर्स मात्र खुशाल ‘तू’ म्हणे.

“त्याला तुम्ही-तुम्ही करून लांब ठेवतोयस,” एवाल्डची बायको रोसविता एकदा म्हणाली, “पण तो काही लांब गेलेला दिसत नाही.”

खरे दुखणे पुढेच होते. एका गुरुवारी ओलर्सने घरून विजेचे चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणारा ऑसिलोस्कोप आणला आणि तारांच्या शेवटच्या टोकाला जोडला. मग रुळांवर क्षणभर शॉर्ट करून सोडवला. पडद्यावरच्या शांत हिरव्या रेषेतून एक सुळका उठला आणि मावळला. एरवी पंधरा व्होल्ट असायचे तिथे त्या क्षणी अठ्ठावन्न होते.

ओलर्सने समजावून सांगितले. शॉर्ट जितका घातक, तितकेच त्याचे सुटणेही घातक. लांब तारांतला प्रवाह एकदम तुटला की व्होल्टेजची अशी उसळी उठते, आणि त्या निमिषात डिकोडरचा जीव जातो. मंडळाचे वर्षाला तीन-चार डिकोडर मरत, आणि आजवर एवाल्ड त्याचे खापर हलक्या मालावर फोडत आला होता. त्यावर उपाय दोन होते. दोन्ही तारांना वेणीसारखा पीळ द्यायचा. आणि तारांच्या शेवटी एक रेझिस्टर व एक कपॅसिटर असे जोडायचे, की उसळी तिथेच जिरून जाईल.

हे पाहायला सगळे मंडळ टेबलाखाली वाकले होते. ऐंशी ओलांडलेला ट्राउगोट लोझेसुद्धा गुडघ्यांवर बसला होता. एवाल्डच्या नजरेतून ते सुटले नाही. बावीस वर्षे तो त्या गाठी बांधत होता आणि एकही माणूस खाली वाकला नव्हता. या गृहस्थाने एक हिरवी रेषा दाखवली आणि सारे गाव लोटांगण घालून मोकळे झाले.

“तुझ्या तारा फार देखण्या आहेत, एवाल्ड,” ओलर्स म्हणाला. “उसवायला हात होत नाही रे.”

“मग उसवू नका,” एवाल्ड म्हणाला.

पण सभेने ठरवले आणि तारा उसवल्या गेल्या. मेणाच्या दोऱ्यांचे तुकडे जमिनीवर पडलेले एवाल्डने स्वतः झाडून काढले. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात एकही डिकोडर मेला नाही. ही गोष्ट कोणी बोलून दाखवली की त्याच्या अंगाचा तिळपापड होई, आणि कोणी बोलले नाही तर त्याला वाटे, मुद्दाम आपल्यासमोर बोलत नाहीत. रोसविताने ओलर्सच्या वाढदिवसाला आयरशेके केला, पनीर-अंड्याचा तीन थरांचा केक. एवाल्डने त्या दिवशी घरी त्या केकचा तुकडा मागितला नाही, आणि तिने देऊ केला तेव्हा पोट जड असल्याचे सांगितले.

दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत दिव्यांची पाळी आली. ओलर्सचे म्हणणे असे, की आजच्या इंजिनांसाठी दिवा पुरेसा नाही. दिवा प्रवाह गिळतो खरा, पण दोन अँपियर तरी सोडतोच. ते दोन अँपियर इंजिनाच्या केसासारख्या तारांतून मिनिटभर वाहत राहिले तर तारा भाजतात. त्यापेक्षा प्रत्येक विभागाखाली एक इलेक्ट्रॉनिक ब्रेकर लावावा. प्रवाह तीन अँपियरच्या वर गेला की डोळ्याची पापणी लवण्याआधी तो वीज तोडतो आणि त्याच्यावरचा हिरवा ठिपका तांबडा होतो. सभेने तेही मान्य केले. ब्रेकर ओलर्सने बसवायचे आणि दिवे एवाल्डने काढायचे, असे उलिगने इतिवृत्तात नोंदवले. त्याच सभेत ट्राउगोट लोझेने जानेवारीच्या निवडणुकीसाठी विद्युतप्रमुख म्हणून राइनहोल्ड ओलर्सचे नाव सुचवले. ट्राउगोटच्या मनात काही वाकडे नव्हते. तो एवाल्डला म्हणाला, “तुझे गुडघे आता दुखतात ना रे? तुला जरा सुट्टी.”

“बरं,” एवाल्ड म्हणाला.

त्याने तीन दिवे काढले. चौथ्या विभागाचा दिवा त्याने सर्वांत आधी बसवला होता, तारा आखलेल्या पहिल्याच आठवड्यात. तो दिवा पत्र्याच्या लहानशा आवरणात, आडव्या तुळईच्या मागे होता. गुडघ्यांवर बसून मान वळवल्याखेरीज दिसत नसे. एवाल्ड त्याच्यासमोर पेचकस घेऊन बराच वेळ बसला. मग पेचकस खिशात ठेवून बाहेर आला. मनाशी त्याने चोख हिशोब मांडला: कारखान्यात आपण एका फ्यूजवर कधी विसंबलो नाही, पुढे ब्रेकर असेल, मागे दिवा असेल, एकापेक्षा दोन संरक्षणे केव्हाही बरी. हिशोब इतका नीटनेटका होता, की तो आपण केवळ आपली एक तरी वस्तू खाली राहावी म्हणून मांडत आहोत, हे त्याने स्वतःला कळू दिले नाही.

नाण्याच्या चाचणीच्या शनिवारी ओलर्स दुसऱ्या टोकाला नियंत्रणाच्या फळीपाशी उभा होता. ब्रेकर टेबलाखाली असल्यामुळे त्यांचे ठिपके फक्त एवाल्डलाच दिसत होते. पहिल्या तीन विभागांत नाणे ठेवताच खट् असा आवाज होऊन ब्रेकर पडला आणि हिरव्याचा तांबडा झाला. चौथ्यात नाणे ठेवले आणि काहीच झाले नाही. ठिपका हिरवाच राहिला. तुळईमागे दिवा मात्र पूर्वीसारखाच उजळला, आणि एवाल्डचा ऊर भरून आला.

“चौथा पडला का रे?” ओलर्सने पलीकडून विचारले.

पडला नाही म्हणावे, तर ओलर्स रांगत येणार आणि पत्र्यामागे पाहणार.

“ठीक,” एवाल्ड म्हणाला, आणि नाणे उचलले.

दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास दालन माणसांनी फुलले होते. ट्राउगोट आपले टाकीवाले इंजिन चालवत होता. ते त्याने चार हिवाळे खपून पितळेच्या पत्र्यातून घडवले होते; तसे दुसरे त्या जिल्ह्यात नव्हते. चौथ्या विभागातल्या रुळांच्या सांध्यावर त्याने गाडी जरा जोरात घेतली आणि इंजिनाची पुढची चाके भलत्या रुळावर चढली. गाडी थांबली. बाकीच्या गाड्या चालत राहिल्या. ब्रेकर पडला नाही, तेव्हा फळीपाशी कोणाला काही कळले नाही; ट्राउगोटनेच पाणी भरायला गाडी थांबवली असेल असे सर्वांना वाटले. ट्राउगोटला वाटले, आपल्या हातून चुकून थांबण्याचे बटण दाबले गेले, आणि तो आपल्या चष्म्यातून बटणे चाचपत राहिला.

सुमारे दीड मिनिटाने इंजिनाच्या घुमटीतून बारीक धूर निघाला. समोरच्या रांगेतली मुले ओरडली, “खरा धूर! बघा, खरा धूर!” आणि चार-पाच पालकांनी टाळ्या वाजवल्या.

एवाल्ड कॉफीच्या टेबलापाशी उभा होता. वास त्याच्या नाकाने आधी ओळखला. तारेवरचे प्लास्टिक वितळते तेव्हा असा गोडसर, घशात बसणारा वास येतो. आणि येथे खरे तेच लिहिले पाहिजे: त्याला पहिल्यांदा झाला तो आनंद. ओलर्सचा ब्रेकर फसला होता. भर प्रदर्शनात, सगळ्या गावासमोर फसला होता.

मग त्याला टेबलाच्या हिरव्या झालरीखाली पिवळा उजेड दिसला.

त्या क्षणी सगळे गणित त्याला कळले. दिव्याने प्रवाह दोन अँपियरवर अडवून धरला होता. ब्रेकर तीनची वाट पाहत बसला होता. ते तीन कधीच येणार नव्हते. आणि ते दोन अँपियर निवांतपणे ट्राउगोटच्या चार हिवाळ्यांतून वाहत होते. दोन संरक्षणांनी एकमेकांचे हात बांधले होते. जो वीजकामगार वीस वर्षांच्या पोरालाही हे समजावून देऊ शकला असता, त्याला ते सुचले नव्हते, कारण त्याला सुचून घ्यायचेच नव्हते.

तो झालर उचलून आत शिरला, आणि वर कोणी मुख्य वीज बंद करत असताना त्याने तापलेला दिवा हातरुमालात धरून काढला. बोटांची कातडी पोळली. सुट्या झालेल्या दोन तारा त्याने एका चिमट्याने थेट जोडल्या. बाहेर आला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात दिवा होता आणि ओलर्स इंजिन हातात घेऊन फिकट चेहऱ्याने उभा होता. डिकोडर जळून काळा पडला होता. घुमटीच्या आतला रंग फुगून आला होता.

“फॅशनेबल वस्तू,” कोणीतरी मागे पुटपुटले. “दिवा होता तेव्हा असं कधी झालं होतं का?”

हे वाक्य एवाल्डने महिनाभर जपून ठेवले. ते रोज नवे वाटे.

ओलर्सने दुसऱ्याच दिवशी चौथ्या विभागाची चाचणी घेतली. नाणे ठेवले, ब्रेकर पडला. पुन्हा ठेवले, पुन्हा पडला. पन्नास वेळा ठेवले, पन्नास वेळा पडला. मोजणाऱ्या माणसाला न सापडणाऱ्या चुकीएवढे मोठे भूत दुसरे नसते. नाताळाच्या आधी तो एवाल्डच्या घरी आला, डोक्यावरची टोपी काढायचे विसरून दारातच उभा राहिला.

“एक विचारू? त्या शनिवारी तू नाणं ठेवलंस, तेव्हा ठिपका तांबडा झाला होता ना? तू स्वतः पाहिलास?”

“तुम्हाला मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“हो, हो. सांगितलं होतंस.” ओलर्सने मान हलवली. “म्हणजे मग माझ्याच मोजमापात काहीतरी आहे. माफ कर, तुझ्यावर शंका नाही घेत. तुझा शब्द म्हणजे तुझा शब्द.”

तो गेल्यावर रोसविताने एवाल्डच्या बोटांकडे पाहिले. तिथे नवी गुलाबी कातडी आली होती.

“कॉफीचं भांडं तापलं होतं,” तो म्हणाला. तिने काही विचारलेही नव्हते.

वार्षिक सभा जानेवारीतल्या शनिवारी दुपारी भरली. तेवीस सभासद, केटलीत कॉफी, नाताळातून उरलेल्या श्टोलेनच्या, म्हणजे सुक्या मेव्याच्या केकच्या, चकत्या. उलिगने विषयपत्रिका वाचली. विद्युतप्रमुखाची निवडणूक सातव्या क्रमांकावर होती. एवाल्डने इस्त्रीचा सदरा घातला होता. कुजबूज त्याच्या कानावर आली होती, आणि कल आपल्या बाजूने आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सातवा विषय निघताच ओलर्स उभा राहिला. त्याने आपले नाव मागे घेतले. ट्राउगोटचे इंजिन आपल्या ब्रेकरमुळे जळाले. कसे ते सहा आठवडे शोधूनही आपल्याला कळले नाही. आणि जे आपल्याला कळत नाही ते इतरांच्या गाड्यांखाली बसवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे तो म्हणाला. चारही ब्रेकर तो काढून देणार होता. नवा डिकोडर त्याने आणलाच होता. जळलेली घुमटी मात्र आपल्याला परत आणता येणार नाही, असे सांगताना त्याचा आवाज फुटला. मग तो खाली बसला.

एवाल्डने याच क्षणाची वाट पाहिली होती. तो आता आनंदाची वाट पाहू लागला. आणि आनंदाऐवजी जे घडले ते असे: ट्राउगोट लोझे काठी टेकत उठला, सगळे टेबल ओलांडून ओलर्सपाशी गेला, आणि त्याच्या कोपराला हात लावून उभा राहिला. इथल्या माणसाने, कोपराला. मग कोणीतरी टेबलावर बोटांची हाडे वाजवली, आणि एकेक करत इतर सगळ्यांची बोटे वाजू लागली. मोठ्या मानाच्या भाषणानंतर इथले लोक असेच टेबल वाजवतात. बावीस वर्षांत एवाल्डसाठी ते कधी वाजले नव्हते. त्याच्यासाठी हात वर होत आणि पुढचा विषय सुरू होई.

इंजिन जाळले कोणी? एवाल्डने. सहा आठवडे मूग गिळून बसला कोण? एवाल्ड. आणि त्याबद्दल हृदये जिंकत होता तो हा राइनकाठचा माणूस! तारा गेल्या, दिवे गेले, बायकोचा केक गेला. आता आपला अपराधसुद्धा हा आपल्या नावावर करून घेणार, आणि तोही इतक्या सुरेखपणे. हे एवाल्डला सोसले नाही. त्याला पश्चात्तापाने उठवले असे म्हणणे शोभून दिसेल, पण ते खरे नाही.

“बस झालं,” तो उठून म्हणाला. “हे तुझं काम नाही, राइनहोल्ड. माझं आहे.”

टेबल वाजायचे थांबले.

त्याने सगळे क्रमाने सांगितले, इतिवृत्तात लिहावे तसे: चौथा दिवा का ठेवला, शनिवारी नाणे ठेवले तेव्हा काय झाले आणि काय सांगितले, रविवारी झालरीखालून काय काढून खिशात घातले, ओलर्स घरी आला तेव्हा काय उत्तर दिले. दोन अँपियर आणि तीन अँपियर हेही सांगितले, कारण ते सांगितल्याशिवाय गोष्ट नीट समजली नसती. बोलून झाल्यावर त्याला बसावे की उभे राहावे ते कळेना, म्हणून तो उभाच राहिला.

पहिला बोलला तो ट्राउगोट. “म्हणजे, माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता तर? मी घरी सांगून टाकलं होतं, आता मी गाड्या चालवणार नाही.”

“डोळ्यांचा पण होता,” उलिग म्हणाला. “सांध्यावर गाडी कोणी दामटली होती?”

दोघे-तिघे हसले. ओलर्स एवाल्डकडे पाहत होता. एवाल्डला वाटले, आता हा उदारपणे काहीतरी बोलेल, आणि मग आपण मेलोच. पण ओलर्सच्या चेहऱ्यावरचे हसू पुसले गेले होते.

“सहा आठवडे,” तो हळू म्हणाला. “सहा आठवडे मला झोप नाही. मला वाटलं माझं डोकं चालायचं बंद झालं. बायको गेली तेव्हासुद्धा मला स्वतःची इतकी भीती वाटली नव्हती. मी तुझ्या दारात उभा होतो, आणि तू हे नुसतं बघत होतास.”

एवाल्डला एक विचित्र हलकेपणा वाटला. वर्ष-दीड वर्षात पहिल्यांदाच हा माणूस त्याच्याशी गोड बोलला नव्हता.

उलिगने खाकरून सभा मूळ मार्गावर आणली. ओलर्सने नाव मागे घेण्याचे कारणच उरले नव्हते, त्यामुळे त्याचे नाव पुन्हा धरण्यात आले. एवाल्डला विचारले, तुझे नाव काढू का? एवाल्ड म्हणाला, राहू दे. गुप्त मतदान झाले. ओलर्सला एकोणीस मते, एवाल्डला तीन, एक चिठ्ठी कोरी. त्या तिन्हींपैकी एक मत एवाल्डचे स्वतःचे होते. बाकीची दोन कोणाची, हे शोधण्यात त्याचा पुढचा आठवडा गेला.

किल्ल्या आणि तारांच्या नकाशांची वही त्याने त्याच दिवशी हवाली केली, पोच लिहून घेऊन. घरी त्याने रोसविताला सगळे सांगितले. ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, “कॉफीचं भांडं. पन्नास वर्षं मी या माणसाला कॉफी पाजतेय.”

पुढच्या गुरुवारी तो जाणार नव्हता. पण गुरुवारी सहाच्या ठोक्याला त्याचे पाय आपोआप कारखान्याचा जिना चढले. कोणी वाईट बोलले नाही. कोणी फारसे बोललेही नाही. ट्राउगोट नव्या डिकोडरचे इंजिन अगदी सावकाश चालवून पाहत होता. एवाल्डने केटलीतून कॉफी घेतली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. टेबलाच्या झालरीखालून ओलर्सचे तपकिरी बूट बाहेर आलेले दिसत होते. तिथे आजवर एवाल्डचे बूट असत. इतके दिवस ते इतरांना कसे दिसत असतील, हे त्याला प्रथमच कळले.

खालून वही उलटल्याचा आवाज आला, मग पुन्हा उलटल्याचा. मग ओलर्सचा कोरडा, कामापुरता आवाज.

“एवाल्ड. इथे दुसऱ्या विभागात एक तपकिरी तार आहे. वहीत नाही ती. टेबलातून वर जाते आणि कुठे जाते ते दिसत नाही. तोडू का?”

ती तार एवाल्डला पाठ होती. चर्चच्या मनोऱ्यातल्या घड्याळाची ती तार. ऐन घाईत, एका प्रदर्शनाच्या सकाळी, त्याने ती ओढली होती आणि वहीत उतरवायची राहून गेली होती. त्याच्या वहीतली ती एकमेव चूक असावी. सबंध दालनात, सबंध गावात, त्या तारेबद्दल जाणणारा दुसरा माणूस नव्हता.

कॉफी गरम होती आणि ती घाईने पिण्यासारखी नव्हती. तपकिरी बूट हलायचे थांबून वाट पाहत होते. एवाल्डने एक घोट घेतला, मग दुसरा, मग तळाशी राहिलेला तिसराही घेतला, कप बशीत नीट मध्यभागी ठेवला, आणि पँटच्या गुडघ्यांची घडी वर ओढून तो हळूहळू खाली वाकू लागला.

“थांब,” तो म्हणाला. “तोडू नकोस. सरक जरा.”